पैसे मोजून मिळालेले सहभागी : हिंसक अतिरेकवादाच्या संशोधकाने केलेले ऑनलाइन सेवांचे परीक्षण

ॲमेझॉन मेकॅनिकल टर्क, प्रॉलिफिक, क्लाउडरिसर्च यांसारख्या सेवा संशोधकाला मुख्यतः एकच गोष्ट विकतात, ती म्हणजे प्रश्नावली भरून देणारी माणसे. ग्राहकवर्तनाच्या किंवा स्मरणशक्तीच्या प्रयोगांसाठी या सेवा कितपत उपयोगी आहेत, यावर पुष्कळ लिहून झाले आहे. हे परीक्षण जरा अडचणीच्या गिऱ्हाइकाने लिहिलेले आहे. माझा विषय हिंसक अतिरेकवाद, म्हणजे एखाद्या राजकीय वा धार्मिक ध्येयासाठी हिंसा करणे माणसाला रास्त कसे वाटू लागते, हा आहे. अशा दोन सेवा वापरून मी आजवर चार अभ्यास केले. त्यांतले दोन समाधानकारक झाले, एक अर्ध्यावर सोडावा लागला आणि एक हाती घेतलाच नसता तर बरे झाले असते. माझे मत आधीच सांगते : सर्वसामान्य माणसाचे मन हिंसेच्या समर्थनाकडे कशाने झुकते, हे तपासायचे असेल तर ही सेवा पैसे वसूल करून देते, समाजात अतिरेकी विचारांचे लोक किती आहेत, हे मोजायचे असेल तर तिच्या वाटेला जाऊ नये.

आमच्या क्षेत्रातले लोक या सेवांकडे का वळले, हे समजून घेतल्याशिवाय त्यांचे मूल्यमापन करणे अन्यायाचे होईल. दहशतवादाविषयीचे लेखन भरमसाट आणि त्यातली नवी, प्रत्यक्ष गोळा केलेली माहिती मात्र चिमूटभर, अशी तक्रार दहशतवादाचे अभ्यासक अँड्र्यू सिल्क यांनी २००१ मध्येच केली होती. त्याची कारणे उघड आहेत. तुरुंगातल्या कैद्याची मुलाखत घ्यायची तर परवानगीलाच महिनोन्‌महिने जातात. परवानगी मिळाली तरी समोरचा माणूस सुटकेचा विचार मनात ठेवून बोलतो. आणि एवढे करून हाती येतात वीस-पंचवीस माणसे, ज्यांच्यावर कोणताही सांख्यिकी निष्कर्ष उभा राहत नाही. अशा उपासमारीत रात्री अभ्यास प्रसिद्ध करावा आणि सकाळी पाचशे उत्तरे तयार असावीत, हा अनुभव मोहात पाडणारा आहे. मी पहिला अभ्यास सुरू केला तेव्हा पडद्यावरचा पूर्ण झालेल्या उत्तरांचा आकडा वाढताना पाहत दीड तास नुसती बसून होते. दुधाची तहान ताकावर भागवतो आहोत, हे तेव्हा कळत नव्हते असे नाही. पण ताकही मुबलक असले की माणूस तक्रार करत नाही.

दराविषयी थोडक्यात. मेकॅनिकल टर्क ही सेवा २००५ साली सुरू झाली. तिथे कामगाराला दिलेल्या मोबदल्यावर २० टक्के शुल्क पडते, आणि एकाच कामाला दहा किंवा त्याहून अधिक माणसे हवी असतील तर आणखी २० टक्के; म्हणजे प्रश्नावलीसाठी व्यवहारात ४० टक्के धरून चालावे. अनेक संशोधक हे वाढीव शुल्क चुकवण्यासाठी नऊ-नऊ जणांच्या तुकड्या पाडतात. यात बेकायदा काही नाही, पण ते करताना एकच माणूस दोन तुकड्यांत येणार नाही याची व्यवस्था स्वतः करावी लागते. प्रॉलिफिक ताशी किमान ६ पौंड मोबदल्याची अट घालते. मेकॅनिकल टर्कवर अशी अट नाही आणि त्याचा परिणाम दिसतो : २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २,६७६ कामगारांच्या कामांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांच्या ताशी कमाईचा मध्यक सुमारे २ डॉलर निघाला, म्हणजे निम्म्यांची कमाई त्याहूनही कमी होती. अपमान, वंचना आणि अन्याय यांच्या भावना अभ्यासणाऱ्या संशोधकाने त्याच माणसाला ताशी दोन डॉलरवर राबवावे, यातला विरोधाभास माझ्या सहकाऱ्यांना जितका जाणवायला हवा तितका जाणवत नाही.

आता माल कसा आहे, ते पाहू. या सेवांवरचे सहभागी विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपेक्षा निश्चितच विविध आहेत. वय, व्यवसाय, उत्पन्न या सर्व बाबतींत. परंतु अमेरिकेपुरते बोलायचे तर ते एकूण लोकसंख्येपेक्षा तरुण, अधिक शिकलेले, कमी धार्मिक आणि राजकीयदृष्ट्या उदारमतवादाकडे झुकलेले असतात, हे २०१२ पासून वारंवार दाखवले गेले आहे. शिवाय ही माणसे सराईत आहेत. एखाद्या प्रयोगशाळेला मेकॅनिकल टर्कवर प्रत्यक्षात उपलब्ध असणारा समुदाय लाखोंचा नसून सुमारे ७,३०० जणांचा असतो, असा अंदाज २०१५ मध्ये मांडला गेला. तीच माणसे जगभरच्या शेकडो प्रश्नावल्या भरत असतील, तर आमच्या क्षेत्रातल्या गाजलेल्या मापन्या, म्हणजे मते अंकांत मोजण्यासाठीचे ठरावीक विधानांचे संच, त्यांना आमच्याइतक्याच पाठ असणार.

नमुना, म्हणजे अभ्यासात आलेल्या माणसांचा गट, एका रात्रीत कसा कलंडतो, याचे उदाहरण प्रॉलिफिकवरचेच आहे. जुलै २०२१ मध्ये टिकटॉकवरच्या एका लोकप्रिय चित्रफितीत या सेवेची शिफारस झाली आणि हजारो तरुण मुलींनी तिथे नावे नोंदवली. ज्यांनी स्त्री-पुरुषांचे प्रमाण आधी ठरवून दिले नव्हते, त्यांचे नमुने त्या काळात जवळजवळ संपूर्णपणे तरुण स्त्रियांचे झाले. इतर विषयांत ही गंमत म्हणून सोडून देता येईल. राजकीय हिंसेच्या बाबतीत मात्र वय आणि लिंग हेच सर्वांत ठळक घटक आहेत, आणि संशोधकाची नजर बहुतेक वेळा तरुण पुरुषांवर असते. सेवेने पुढे यावर उपाय केले. तरीही प्रमाण स्वतः ठरवून देणे हे आपले काम आहे, असे समजूनच चालावे.

हे सगळे दोष सांभाळून घेता येतात. ज्याला उतारा नाही, अशी अडचण वेगळी आहे आणि तिच्यापाशी थोडे थांबणे भाग आहे. अतिरेकी विचार दुर्मीळ असतात, आणि दुर्मीळ गोष्ट मोजताना थोडासा कचराही सगळा हिशेब पालटून टाकतो. समजा, एक हजार माणसांनी प्रश्नावली भरली आणि त्यांपैकी हिंसेला खरोखर पाठिंबा असलेले केवळ दहा जण आहेत. आणखी पन्नास जण न वाचताच कुठेही टिचक्या मारत गेले. सात बिंदूंच्या मापनीवर वरचे तीन बिंदू म्हणजे सहमती धरली, तर या पन्नासांपैकी सुमारे एकवीस जण केवळ योगायोगाने सहमतीच्या रकान्यात पडतील. आपल्या अहवालात हिंसेचे समर्थक एक टक्क्याऐवजी तीन टक्क्यांहून थोडे अधिक दिसतील, आणि त्यांतले दोन-तृतीयांश मुळात अस्तित्वातच नसतील. एवढ्यावर भागत नाही. प्रामाणिक माणसे हिंसेच्या मापनीवर तळाशी असतात, षड्यंत्र-सिद्धान्तांच्या मापनीवरही बरीचशी खालीच असतात. टिचक्या मारणारे मात्र दोन्हींवर मध्याच्या आसपास तरंगतात. परिणामी दोन मापन्यांमध्ये धन सहसंबंध, म्हणजे एकीवर वर असणारा दुसरीवरही वर असे नाते, आपोआप तयार होतो, आणि षड्यंत्रांवरचा विश्वास हिंसेकडे नेतो, असे वाक्य त्यावर लिहिले जाते. ते वाक्य खरे असूही शकेल. पण या आकड्यांवरून ते काढणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे होय.

ही भीती कागदी नाही. डिसेंबर २०२३ मध्ये एका ऑनलाइन सर्वेक्षणात अमेरिकेतील तीस वर्षांखालील २० टक्के प्रौढांनी ज्यूंचा वंशसंहार ही दंतकथा आहे, या विधानाला सहमती दिल्याचे आढळले आणि मोठी खळबळ उडाली. स्वेच्छेने नोंदणी केलेल्या लोकांमधून तो नमुना घेतलेला होता. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतील जनमत-संशोधन संस्थेने हाच प्रश्न पत्त्यांच्या यादीतून यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, निवडलेल्या आपल्या कायम उत्तरदात्यांच्या गटाला विचारला, तेव्हा त्याच वयोगटातला आकडा ३ टक्के निघाला. याच संस्थेने केलेल्या एका चाचणीत स्वेच्छा-नमुन्यातल्या तीस वर्षांखालील १२ टक्के लोकांनी आपल्याकडे अणुपाणबुडी चालवण्याचा परवाना असल्याचे सांगितले होते. राजकीय हिंसेच्या बाबतीत राज्यशास्त्रज्ञ शॉन वेस्टवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवून दिले की, अमेरिकेत हिंसेला असलेल्या पाठिंब्याचे प्रचलित अंदाज दोन कारणांनी फुगलेले होते : एक, लक्ष न देणारे उत्तरदाते आणि दुसरे, संदिग्ध प्रश्न. हिंसा म्हणजे नेमके काय, हे न सांगता विचारले, तर कोणी धक्काबुक्की डोळ्यांपुढे आणतो आणि कोणी खून.

दुसऱ्या कारणाचा दोष सेवेच्या माथी मारता येत नाही. तो आमचा आहे. आमच्याकडे सर्वाधिक वापरली जाणारी मापनी मोस्कालेन्को आणि मॅककॉली या मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये मांडली. तिच्यात आपल्या गटाच्या लोकांना पोलीस मारहाण करताना दिसले तर मी पोलिसांवर हल्ला करीन, अशा आशयाचे एक विधान आहे. त्याला होय म्हणणारा माणूस अतिरेकीच असतो का? आपल्या भावाला वाचवण्यासाठी धावून जाण्याचा विचार करणारा आणि शस्त्र घेऊन क्रांतीची वाट पाहणारा, हे दोघेही तिथे एकच खूण करतात. माझ्या दुसऱ्या अभ्यासात मी या विधानानंतर मोकळी जागा ठेवून कोणता प्रसंग डोळ्यांपुढे आला, असे विचारले होते. एकाने लिहिले की, त्याच्या मनात शाळेबाहेर धाकट्या बहिणीला कोणी ढकलते आहे असे चित्र आले होते. त्याचे गुण माझ्या तक्त्यात सर्वांत वरच्या दहा जणांत होते.

जो अभ्यास केला नसता तर बरे, असे वर म्हटले, तो हा नव्हे; तो तिसरा. अतिरेकी गटांशी पूर्वी संबंध असलेली माणसे शोधायची होती आणि मी अतिशहाणपणाने ही अट अभ्यासाच्या शीर्षकातच लिहिली. पात्र ठरला तर जास्त मोबदला, हेही स्पष्ट लिहिले होते. दोन दिवसांत इतके माजी अतिरेकी गोळा झाले की, त्यांच्यावर विश्वास ठेवायचा तर देशात शांतता कशी टिकून आहे, हेच कोडे पडावे. एकाने गटात असल्याचा काळ सांगितला, तेव्हा त्याने आधी दिलेल्या वयानुसार तो चार वर्षांचा होता. चँडलर आणि पाओलाची यांनी २०१७ मध्येच हा सापळा समजावून दिला आहे : बहुतेक लोक पात्रतेच्या प्रश्नाला खरे उत्तर देतात, पण शोधला जाणारा गट फारच लहान असेल तर खोटे बोलणाऱ्या थोड्यांनीच अंतिम नमुना भरून जातो. हे वाचूनही मी तेच केले. सेवेच्या ग्राहक विभागाला मी कळवले, तेव्हा आठ दिवसांनी अभ्यास नीट आखा, अशा अर्थाचे ठरावीक उत्तर आले. पैसे परत मिळाले नाहीत, आणि सल्ला अपमानास्पद असला तरी बरोबर होता.

या बाबतीत सहभागींची माहिती नोंदणीच्या वेळीच गोळा करून ठेवणारी पद्धत उजवी आहे, हे निःसंशय. आपण निकष निवडतो, पात्र लोकांनाच अभ्यास दिसतो आणि निकष कोणता होता, हे त्यांना समजत नाही. त्यामुळे खोटे बोलण्याचे कारणच उरत नाही. अर्थात, अतिरेकी गटाशी संबंध होता का, असा प्रश्न कोणत्याही सेवेच्या नोंदणी अर्जात असणार नाही. म्हणून मग दोन टप्पे करावेत : आधी अनेक किरकोळ प्रश्नांमध्ये आपला प्रश्न मिसळून छोटी, स्वस्त प्रश्नावली मोठ्या संख्येला द्यावी आणि काही आठवड्यांनी निवडक लोकांना त्यांच्या ओळख-क्रमांकावरून पुन्हा बोलवावे. पुन्हा बोलावण्याची ही सोय मला या सेवांमधली सर्वांत मोलाची वाटते, कारण सहा महिन्यांपूर्वीचा आणि आजचा, असा एकाच माणसाचा कल त्यामुळे पाहता येतो. परत न येणाऱ्यांमध्ये कदाचित सर्वांत संतापलेलेच असतील, ही शंका मात्र पाठ सोडत नाही.

न वाचणाऱ्यांना पकडण्यासाठी अटेन्शन चेक घालतात, म्हणजे या ओळीत तिसरा पर्याय निवडा, अशा सूचना. सराईत माणसे त्या डोळे मिटून ओलांडतात. २०१८ च्या उन्हाळ्यात मेकॅनिकल टर्कवर एकाच भौगोलिक बिंदूवरून शेकडो उत्तरे येत असल्याचे लक्षात आले. सुरुवातीला ती आपोआप उत्तरे भरणाऱ्या संगणक-प्रणालींची असल्याची अफवा पसरली. पुढे तपासाअंती असे दिसले की, त्यांतली बरीच उत्तरे दूरच्या सर्व्हरआडून आपला देश लपवणाऱ्या माणसांची होती. मोकळ्या जागेत काय लिहिले आहे, हे वाचणे हाच तेव्हा खात्रीचा उपाय होता. तुमचा अपमान झाला असा प्रसंग सांगा, यावर अतिशय छान अभ्यास, असे उत्तर आले की समजायचे ते समजावे. तोही उपाय आता बोथट झाला आहे. २०२३ मधल्या एका प्रयोगात सारांश लिहिण्याच्या कामासाठी ३३ ते ४६ टक्के कामगारांनी भाषिक प्रतिमानांची, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या मजकूर लिहून देणाऱ्या प्रणालींची, मदत घेतली असावी, असा अंदाज निघाला. माझ्या चौथ्या अभ्यासात अपमानाच्या प्रसंगांची वर्णने इतकी सुबक आणि एकाच साच्यातली आली की, मी तो अभ्यास अर्ध्यावर थांबवला. केम्पेलेनने १७७० मध्ये व्हिएन्नात दाखवलेल्या ज्या आपोआप बुद्धिबळ खेळणाऱ्या तुर्काच्या पुतळ्यावरून मेकॅनिकल टर्कला नाव पडले, त्याच्या पेटीत माणूस लपलेला असे. आता पेटीवर माणसाचे नाव असते आणि आत यंत्र.

नैतिक बाजूकडे सेवा पुरवणाऱ्यांनी आणि संशोधकांनीही जरा कानाडोळाच केला आहे. अतिरेकी प्रचाराचा परिणाम तपासायचा म्हणजे तो कोणाला तरी दाखवावा लागतो. ब्रिटनच्या २००० च्या दहशतवादविरोधी कायद्यातले कलम ५८ दहशतवादी कृत्याला उपयोगी पडेल अशी माहिती जवळ बाळगणे गुन्हा ठरवते, आणि २०१९ पासून ती ऑनलाइन पाहणेही त्यात येते. शैक्षणिक संशोधन हे रास्त कारण म्हणून संशोधकाला सांगता येते. थोड्या पौंडांसाठी दुव्यावर टिचकी मारणाऱ्या सहभागीने ते सांगत बसावे अशी वेळ त्याच्यावर का आणायची? म्हणून मी खरा प्रचार कधीच वापरत नाही. कल्पित संघटनेचा, मी स्वतः लिहिलेला, कोणतीही कृती न सुचवणारा मजकूर वापरते आणि शेवटी तो बनावट असल्याचे सांगते. निनावीपणाचे आश्वासनही जपून द्यावे. मेकॅनिकल टर्कवरचा कामगार-क्रमांक ॲमेझॉनवरच्या त्याच माणसाच्या सार्वजनिक पानापर्यंत नेऊ शकतो, हे २०१३ मध्ये निदर्शनास आले होते. हिंसेविषयीची उत्तरे आणि हा क्रमांक एकाच फाइलमध्ये ठेवणारे संशोधक मी पाहिले आहेत. आणखी एक : अटेन्शन चेक चुकला म्हणून काम नाकारले की त्या माणसाचा मंजुरीचा दर घसरतो आणि पुढची कामे हातची जातात. गव्हाबरोबर किडे रगडले जातात तसा हा प्रकार आहे. मी संशयास्पद उत्तरे विश्लेषणातून वगळते, पैसे मात्र देते.

एवढे सांगून झाल्यावर समाधानकारक झालेल्या अभ्यासांविषयी लिहिणे माझे कर्तव्य आहे. ते दोन्ही यादृच्छिक गट पाडून केलेले प्रयोग होते, आणि हा योगायोग नाही. प्रयोगात न वाचणारे दोन्ही गटांत सारखेच विखुरले जातात. ते परिणाम पुसट करतात, पण नसलेला परिणाम सहसा निर्माण करत नाहीत. अपवाद एकच लक्षात ठेवावा : अस्वस्थ करणारा मजकूर वाचणाऱ्या गटातून जास्त लोक मध्येच निघून गेले, तर उरलेले दोन गट सारखे राहत नाहीत. म्हणून कोण, कुठल्या पानावर निघून गेला, याची नोंद प्रत्येक गटासाठी वेगळी मागून घ्यावी. सेवा ती आपणहून ठळकपणे दाखवत नाही.

या सेवांचा उत्तम उपयोग प्रत्यक्ष क्षेत्रकार्याच्या जोडीला होतो. आपले महत्त्व हिरावले गेल्याची भावना अतिरेकाकडे कशी नेते, याविषयी वेबर, क्रुग्लान्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये जे काम प्रसिद्ध केले, त्यात फिलिपिन्स आणि श्रीलंका येथील अटकेतील संशयितांच्या माहितीबरोबर सर्वसामान्य अमेरिकी नागरिकांवरचे प्रयोगही होते. २०१७ मध्ये गोमेझ, अट्रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इराकमधल्या आघाडीवरच्या लढवय्यांच्या मुलाखतींना हजारो स्पॅनिश नागरिकांच्या ऑनलाइन अभ्यासांची जोड दिली. अशा कामात ऑनलाइन सहभागी हे अतिरेक्याची नक्कल म्हणून उभे राहत नाहीत. मैदानात जी यंत्रणा दिसली, तिचा एक दुवा ज्यांच्यावर ताबा ठेवता येतो अशा माणसांमध्येही दिसतो का, एवढाच प्रश्न त्यांना विचारला जातो, आणि त्याचे उत्तर ते नीट देतात.

नव्या अभ्यासासाठी मी पुन्हा याच मार्गाने जाणार आहे. दुसरा परवडणारा मार्ग नाही. या वेळी प्रश्नावलीत संघटनांच्या यादीत मी एक अस्तित्वात नसलेले नाव घातले आहे आणि त्या संघटनेची पत्रके वाचली आहेत का, असे विचारले आहे. प्राथमिक चाचणीत चाळीसांपैकी तिघांनी वाचली असल्याचे कळवले. त्यांतल्या एकाने पत्रके भाषेच्या दृष्टीने कमकुवत असल्याचेही नमूद केले.